वेळ द्यायचा म्हणजे काय द्यायचं

पार्किन्सन्स म्हटलं की लोकांना थरथरणारा हात आठवतो. आमच्या घरात हा आजार थरथर घेऊन आला नाही. आधी ह्यांचं अक्षर बारीक झालं. किराण्याची यादी लिहायला बसले की पहिला शब्द नेहमीसारखा टपोरा, आणि ओळ संपेस्तोवर अक्षर इतकं आकसायचं की दुकानदार फोन करून विचारायचा. मग चालताना उजवा हात अंगालगत राहायला लागला. फोडणी करपली तरी ह्यांना वास येईना. शेजारच्या वहिनींनी एक दिवस हळूच विचारलं, "भाऊ आमच्यावर रागावलेत का? हल्ली हसत नाहीत." राग कसला, चेहऱ्याचे स्नायूच मंदावले होते. न्यूरॉलॉजिस्टनी ह्यांना खोलीत चालायला लावलं, अंगठा आणि तर्जनी पटापट जुळवायला सांगितली, मनगट धरून हलवून पाहिलं आणि निदान केलं. हा आजार साध्या रक्ततपासणीत सापडत नाही. जाणकार डॉक्टर मुख्यतः लक्षणांवरून आणि अंग तपासून तो ओळखतात.

हे चिकलठाण्याला एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत मेकॅनिक होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. सिडकोतल्या घरात आता आम्ही दोघंच. मुलगा पुण्याला, मुलगी जालन्याला. ह्यांना सांभाळताना मला जे समजलं, ते वेळेबद्दल आहे. आपल्याकडे सेवा म्हणजे आजारी माणसाला सगळं जागेवर आणून देणं. पार्किन्सन्समध्ये माणसाच्या हातातलं काम काढून घेतलं की हात आणखी आखडतो आणि मन खचतं. त्याचं काम त्याला करता यावं एवढा वेळ त्याला मिळवून देणं, ही इथली सेवा. तो वेळ आपोआप निघत नाही, सगळ्या घरानं मिळून तो काढावा लागतो. तो कसा काढायचा, हे सांगण्यासाठी हा लेख.

आत काय बिघडतं

लंडनमधल्या जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टरांनी 1817 साली या आजाराचं पहिलं नीट वर्णन लिहिलं. त्यांचा जन्म 11 एप्रिलचा, म्हणून त्या दिवशी जागतिक पार्किन्सन्स दिन असतो. आपल्या आयुर्वेदात कंपवात या नावानं अशा विकाराची नोंद आहे.

मेंदूच्या मध्यभागी खोलवर पेशींचा एक लहानसा काळसर पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात. हालचाल सुरू करणं, ती सफाईनं चालू ठेवणं आणि वेळेवर थांबवणं या सगळ्याला डोपामिन लागतं. पार्किन्सन्समध्ये या पेशी हळूहळू मरतात. बाहेर लक्षणं दिसेपर्यंत त्यातल्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात. बद्धकोष्ठता, वास न येणं, झोपेत हातपाय झाडणं किंवा ओरडणं, या गोष्टी कित्येकदा बऱ्याच वर्षांपूर्वीच सुरू झालेल्या असतात. बहुतेकांना हा आजार साठीच्या पुढे गाठतो, पण चाळिशीतही होतो. तो संसर्गानं पसरत नाही, आणि बहुतांश घरांत वारशानंही येत नाही.

एकदा सकाळी खुर्चीतून उठायचा प्रयत्न करताना हे मला म्हणाले, "इंजिन सुरू आहे गं, गिअर पडंना." कोणत्याही पुस्तकानं मला हा आजार इतका स्वच्छ समजावला नव्हता. उठायची इच्छा आहे, पायात ताकद आहे, डोकं जागेवर आहे. मनातली आज्ञा अंगापर्यंत पोचायला मात्र उशीर होतो. आपण त्या उशिरालाच आळस म्हणतो, हट्ट म्हणतो, "मुद्दाम करतात" म्हणतो. घरातल्या निम्म्या चिडचिडीचं मूळ या गैरसमजात असतं. सकाळी स्वतः दाढी करणारा माणूस दुपारी पाण्याचा पेला उचलू शकत नाही, तेव्हा बघणाऱ्याला ते सोंग वाटतं. ते सोंग नसतं. गोळीचा असर उतरलेला असतो.

गोळीचं घड्याळ

डोपामिन सरळ गोळीतून देऊन उपयोग नाही, कारण रक्तातून मेंदूत जाताना त्याची वाट अडते. म्हणून लेव्होडोपा देतात. ते मेंदूत शिरतं आणि तिथं त्याचं डोपामिन होतं. जोडीला कार्बिडोपा असतं. त्यामुळे लेव्होडोपा वाटेतच खर्च होत नाही आणि मळमळ कमी होते. 1960च्या दशकात लेव्होडोपा आलं आणि आजही मुख्य आधार त्याचाच आहे. आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही. लेव्होडोपानं चांगला फरक पडतो, पण गोळीचा असर फार चढउतार करतो, अशा निवडक रुग्णांना मेंदूत तारा बसवण्याची शस्त्रक्रिया उपयोगी पडते. ती सगळ्यांसाठी नाही.

सुरुवातीची काही वर्षं एक गोळी बराच वेळ पुरते. पुढे पुढे तिचा असर लवकर उतरतो. मग गोळी 'चालू' असतानाचा माणूस वेगळा आणि ती 'उतरल्यावर'चा वेगळा. म्हणून "दिवसातून तीनदा" एवढ्यावर भागत नाही, वेळ पक्की लागते. आमच्या फ्रीजवर एक कागद आहे. त्यावर गोळीची वेळ, असर कधी सुरू झाला, कधी उतरला, अंग आपोआप वळवळलं का, एवढं मी टिपून ठेवते. डॉक्टरांकडे जाताना तो कागद बरोबर नेते. "बरे आहेत, पण कधीकधी त्रास होतो" या वाक्यावरून डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. कागदावरून येतं.

दुसरी गोष्ट जेवणाची. प्रथिनं पचून जे घटक रक्तात येतात, ते आणि लेव्होडोपा एकाच वाटेनं आतड्यातून आणि पुढे मेंदूत जातात. दाट वरण, अंडं, पनीर, दूध यांच्याबरोबर गोळी घेतली की गोळी मागे पडते. म्हणून गोळी साधारणपणे जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभरानं, पाण्यासोबत घ्यायची. प्रथिनं बंद करायची नाहीत, अंगात ताकद राहायला ती हवीतच. आमच्याकडे सकाळची न्याहारी हलकी असते आणि डाळ, उसळ, दूध रात्रीकडे असतं. लोहाच्या गोळ्याही लेव्होडोपाबरोबर घ्यायच्या नाहीत, मध्ये अंतर ठेवायचं. हे सारं डॉक्टरांशी बोलून ठरवावं, कारण प्रत्येकाचं वेळापत्रक निराळं असतं.

गावाकडचे पाहुणे येतात आणि खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण सुचवतात. त्यांचं म्हणणं खोटं नाही. या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं. मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांनी 1937 साली ते वेगळं करून दाखवलं होतं. नेमकं म्हणूनच हे चूर्ण गोळीवर वरून घेऊ नये. चमचाभर चूर्णात किती लेव्होडोपा आहे हे कळत नाही, आणि डॉक्टरांना न सांगता डोस वाढून बसतो.

तीन सूचना प्रत्येक घरानं लिहून ठेवाव्यात. एक, गोळ्या मनानं अचानक बंद करू नयेत, त्यानं जिवावर बेतू शकतं. दवाखान्यात दुसऱ्या कारणानं दाखल व्हावं लागलं, तरी पार्किन्सन्सच्या गोळ्या वेळेवर चालू राहतील हे आपण बघायचं. दोन, उलटी थांबवणारं मेटोक्लोप्रमाइड आणि मानसिक आजारात देतात ते हॅलोपेरिडॉल यांनी पार्किन्सन्स बळावतो. चक्करेसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या सिनारिझिन, फ्लुनारिझिन या औषधांनीही तसंच होतं, कधी कधी तर धडधाकट माणसातही पार्किन्सन्ससारखी लक्षणं दिसतात. म्हणून प्रत्येक नव्या डॉक्टरांना आणि औषधाच्या दुकानात आधी आजाराचं नाव सांगायचं. तीन, घरात नसलेली माणसं दिसू लागली, "त्या कोपऱ्यात कोण बसलंय?" असं विचारू लागले, किंवा काही औषधांमुळे खर्च करण्याचं, जुगाराचं वेड लागल्यासारखं वाटलं, तर लाज न बाळगता डॉक्टरांना सांगायचं. हे औषधाचं किंवा आजाराचं लक्षण असतं, त्यावर उपाय असतो.

दारात थांबलेलं पाऊल

स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधल्या दारात ह्यांचे पाय जमिनीला खिळतात. मोकळ्या जागेत चालणारा माणूस दारापाशी, वळणावर, अरुंद जागेत असा थबकतो. अंग पुढे जातं, पाय मागे राहतात आणि तोल जातो. मागून "चला, चला" म्हटलं की पाय आणखी घट्ट होतात. हात धरून ओढलं तर पडतातच.

फिजिओथेरपिस्टनी शिकवलं ते असं. आधी पूर्ण थांबायचं. सरळ उभं राहायचं, श्वास घ्यायचा. वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर, डावीकडे उजवीकडे घ्यायचं. मग पुढे काहीतरी ओलांडायला द्यायचं. मी माझा पाय ह्यांच्या पावलापुढे आडवा ठेवते. ह्यांची नजर खाली जाते, गुडघा वर येतो आणि माझ्या पायावरून पाऊल पलीकडे पडतं. पहिलं पाऊल पडलं की पुढची आपोआप येतात. आता दाराच्या उंबऱ्याजवळ फरशीवर रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावल्या आहेत. त्या ओलांडत हे एकटे जातात. आपोआप चालण्याची मेंदूतली वाट अडली, तरी डोळ्यांनी बघून आणि कानांनी ठेका ऐकून चालण्याची दुसरी वाट बरीचशी शाबूत असते. या उपायांचा जोर त्या वाटेवर आहे.

ठेक्याचा उपयोग आम्हाला घरातच मिळाला. ह्यांचं घराणं वारकरी, नाथषष्ठीला पैठणला जाणारं. 'ज्ञानबा-तुकाराम'च्या गजरात पावली खेळलेले पाय आहेत. मी टाळी वाजवत गजर धरला की पाऊल सुटतं. पुण्यात नृत्य-दिग्दर्शक हृषीकेश पवार पार्किन्सन्स असलेल्या मंडळींचे नृत्यवर्ग घेतात, तिथंही ताल आणि हालचाल यांचाच मेळ असतो. व्यायाम हा या आजारात औषधाच्या जोडीचा उपचार आहे, आणि तो गोळीचा असर असतानाच करायचा असतो. आम्ही सिद्धार्थ उद्यानात जातो तेही गोळीची वेळ बघून. चालताना मी बोलत नाही, कारण चालणं आणि बोलणं एकाच वेळी जमत नाही. वळताना जागेवर गर्रकन फिरायचं नाही, मोठा वळसा घ्यायचा.

घरात काही बदल केले. सतरंज्या, पायपुसणी उचलली. न्हाणीघरात धरायला स्टीलचा दांडा बसवला, कमोड उंच केला, रात्री मंद दिवा ठेवला. शर्टाची बटणं वरून तशीच ठेवून शिंप्याकडून मागे व्हेलक्रो लावून घेतलं. पायजम्याची नाडी काढून इलॅस्टिक घातलं. आता हे स्वतः कपडे घालतात. वेळ लागतो, पण शर्ट त्यांचा त्यांनी घातलेला असतो. असं जमलं त्या दिवशी ते जेवतातही जास्त.

इथं आमच्या शहराचा संबंध येतो. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. काही दिवसांच्या अंतरानं येतं आणि वेळेचा भरवसा नसतो. पाणी आलं की टाकी, पिंपं, हंडे भरणं, मोटार लावणं ही सारी धांदल. आणि नेमक्या त्याच वेळी ह्यांचं उठणं, तोंड धुणं, कपडे चाललेले असतात. घाईत मी बटणं लावून मोकळी झाले तर माझी पाच मिनिटं वाचतात, पण ह्यांचा अख्खा दिवस जातो. म्हणून पाण्याच्या दिवशी शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा येऊन पिंपं भरून देतो. ही मदत मी मागून घेतली. मागायला संकोच वाटतो, पण पाणी कुणीही भरू शकतं. ह्यांच्यापुढे पाय आडवा ठेवून शांत उभं राहायला मात्र घरातलंच माणूस लागतं.

घास, आवाज, सही

आवाज हळू होतो आणि बोलणाऱ्याला तो तसा वाटत नाही. त्याला वाटतं आपण नेहमीसारखंच बोलतोय आणि समोरच्याला ऐकू येत नाही. वाचा-उपचारात मोठ्यानं बोलण्याचा सराव करून घेतात. आमच्याकडे हे रोज वर्तमानपत्रातली एक बातमी मला पलीकडच्या खोलीत ऐकू येईल अशी वाचून दाखवतात.

गिळण्याकडे बारीक लक्ष हवं. जेवताना ताठ बसणं, लहान घास, एक घास गिळून झाल्यावर दुसरा, आणि टीव्ही बंद. पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल, जेवणानंतर आवाज ओलसर, घोगरा येत असेल, तर अन्न श्वासनलिकेत जात असण्याची शंका घ्यावी आणि तपासून घ्यावं. त्यातून न्यूमोनिया होतो. उठताना चक्कर येणं हेही नेहमीचं, त्यामुळे पलंगाच्या कडेला थोडं बसून मगच उभं राहायचं. उदासी हा आजाराचा भाग आहे. आजार झाला म्हणून वाईट वाटतंय, एवढ्यावर ती सोडून देऊ नये, तिला उपचार आहे.

कागदपत्रांचंही आधीच बघावं. सही बारीक आणि वाकडी होते, बँकेत जुळत नाही. खातं दोघांच्या नावावर, कुणाही एकाच्या सहीनं चालेल असं करून घ्यावं. सही होतच नसेल तर दोन साक्षीदारांपुढे अंगठा चालतो, त्यातला एक बँकेचा अधिकारी असावा लागतो. हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 या कायद्यानं ज्या 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली, त्यात पार्किन्सन्स आहे. हे अनेक घरांना माहीत नसतं. सरकारी वैद्यकीय मंडळानं तपासून दिलेलं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्र मिळतं. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल तर सवलतींचा दरवाजा उघडतो. आमच्या घाटी रुग्णालयात सगळ्या मराठवाड्यातून माणसं येतात. त्यातल्या प्रत्येक पार्किन्सन्सच्या घराला ही एक गोष्ट कुणीतरी सांगायला हवी.

सांभाळणाऱ्याचा वेळ

पु. ल. देशपांड्यांना शेवटच्या काळात पार्किन्सन्स होता, हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. ज्यांच्या चेहऱ्याच्या एका हालचालीवर सभागृहं हसली, त्यांना या आजारानं गाठलं. सुनीताबाई अखेरपर्यंत त्यांच्याजवळ होत्या. 12 जून 1946 रोजी दोघांचं लग्न झालं होतं, आणि 12 जून 2000 रोजी पुण्यात पु. ल. गेले. सुनीताबाईंची आठवण होते तेव्हा मला वाटतं, अशा प्रत्येक घरात एक माणूस आजारी असतं आणि दुसरं त्या आजारात राहत असतं. दुसऱ्याची चौकशी फारशी कुणी करत नाही.

रात्री ह्यांना कूस बदलता येत नाही, मी उठते. झोपेत हात झाडतात, मी उठते. सकाळी मला घाई करून चालत नाही. झोप न झालेल्या माणसाजवळ धीर कुठून येणार? आजारी माणसाला द्यायचा वेळ सांभाळणाऱ्याच्या झोपेतून आणि जेवणातून कापला, तर तो फार दिवस पुरत नाही. म्हणून मुलगी महिन्यातून ठरलेल्या रविवारी येते आणि त्या दिवशी मी घरी थांबत नाही. बहिणीकडे जाते, नाहीतर गुलमंडीवर खरेदीला. मुलगा लांब आहे, तो औषधांची ऑर्डर, डॉक्टरांची वेळ आणि सगळे सरकारी अर्ज पुण्यातून सांभाळतो. लांबची मुलं "मी काय करू शकतो?" म्हणतात, त्यांना असं नेमकं काम द्यावं.

पुण्यात शरच्चंद्र पटवर्धन आणि मधुसूदन शेंडे यांनी सुरू केलेलं पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथं आजारी माणसाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. सभा, सहली, व्याख्यानं होतात, आणि दोघांचीही जागा सारखी असते. मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी 2001 पासून काम करते. डॉ. बी. एस. सिंघल यांनी ती उभी केली आणि तिचे आधारगट अनेक गावांत चालतात. अशा गटात गेल्यावर ह्यांना पहिल्यांदा कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. गट नसेल तिथं ओळखीतल्या दोन घरांनी एकमेकांना भेटायला सुरुवात केली तरी पुरे. आमच्या सिडकोत आम्ही तेच केलं. बायका एका खोलीत गोळ्यांच्या वेळा ताडून बघतात आणि पुरुष दुसऱ्या खोलीत मोठ्यानं पेपर वाचतात.

आणि ज्यांच्या घरात हा आजार नाही, त्यांच्याकडेही एक मागणं आहे. पार्किन्सन्स झालेल्या माणसाला भेटायला जाल, तेव्हा आधी फोन करून गोळी कधी चालू असते ते विचारा आणि त्या वेळी जा. प्रश्न त्यालाच विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. मधल्या काळात त्याच्या बायकोकडे बघू नका, त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, दुसरा प्रश्न टाकू नका. तो बोलणार आहे. तेवढं थांबा.